बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नसावी, असा आमच्याकडं नेम होता. नेम कुणी घातला ते ठाऊक नाही. वेल्ह्याकडच्या आमच्या डोंगरात पावसाळ्यात वारं असं सुटतं की उघड्या जागेतनं पाणी आडवं घरात येतं. तेव्हा पहिल्यांदा घर बांधणाऱ्यानं खिडकी ठेवलीच नसेल, आणि मागच्यांनी त्याचा धर्म केला असेल. मी शाळा शिकलो दुसरीपर्यंत, त्यातही पहिली दोनदा. पण एवढं मला कळतं की पुष्कळ धर्म असेच कुणाच्या तरी सोयीतनं झालेले आहेत. कुणाला राग येत असेल तर येऊ दे.

खोली म्हणजे तरी काय होती. चुलीच्या मागं, गोठ्याच्या अंगाला, कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून शेणमातीनं लिंपलेली एक जागा. एरवी तिथं नाचणीची कणगी आणि जळण असायचं. घरातल्या बाईचे दिवस भरत आले की कणगी बाहेर काढायची, जमीन सारवायची, बाज टाकायची आणि दाराला घोंगडी लावायची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि शेपा, कोपऱ्यात दिवा. बारा दिवस बाईनं आणि पोरानं तिथंच राहायचं, आणि पुरुषानं घोंगडीच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी त्याच खोलीत जन्मलो, माझा बापही तिथंच. आम्ही सगळी धुरातनं बाहेर आलेली माणसं.

माझी बायको भोंगवलीची. तिकडं रान उघडं, पाऊस कमी, ऊन पुष्कळ. लग्न होऊन आमच्या दरीत आली तेव्हा म्हणायची, तुमच्याकडं सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो, मधल्या वेळात डोंगर त्याला दडवतो. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं तिच्या माहेरी झालं. मुलगा झाला. बारशाला जायचं म्हणून मी नवीन मुंडासं आणलं होतं. पण पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी पोर गेलं. निरोप आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

ती परत आली ती गप्प. रडली असेल तर माझ्यापुढं नाही. सुगीला आम्ही दोघं खळ्यावर भात झोडत होतो, तेव्हा ती एकाएकी म्हणाली, "मला त्याचं तोंड आठवंना."

मी पेंढी झोडत झोडत म्हटलं, "आठवंल. जरा दिस जाऊ दे."

"न्हाई आठवायचं. बघितलंच न्हाई तर आठवंल कुठनं?"

मग तिनं सांगितलं. माहेरच्या खोलीत घासलेटची चिमणी होती, बाटलीला वात लावलेली, तीही तिच्या उशामागं. तिचीच सावली पोरावर पडायची. कधी अर्धा कान दिसायचा, कधी मूठ. सकाळी सुईण पोराचं नाक पुसायची तेव्हा फडकं काळं व्हायचं. पोर अंधारात अंगावर प्यायचं, अंधारात निजायचं. गेलं तेव्हा बायांनी गुंडाळलेलं तसंच उचलून नेलं.

"समद्या म्हणत्यात तुमच्यावर गेलं हुतं. कपाळ तुमचं म्हणत्यात," ती म्हणाली. "असंल बी. म्या काय सांगू? वाटंत दुसऱ्या कुणाचं पोर घातलं असतं तरी म्या वळखलं नसतं."

बोलण्याचं काम मला जमत नाही, मी पेंढी उचलली. पण ते माझ्या डोक्यात रुतून बसलं.

पुढं तिला पुन्हा दिवस गेले. दुसरं बाळंतपण सासरी असतं. माझ्या आईनं तिला विचारलं, डोहाळे काय लागलेत, काय खावंसं वाटतं. ती आईला म्हणाली, काही नाही. मला मात्र गोठ्यात गाठून म्हणाली, "माजं काय सुदिक मागणं न्हाई. निस्ता त्या खोलीत उजेड पायजे. ह्या बारीला म्या तोंड बघणार. मग पुढं काय व्हायचं ते हू दे."

मी त्याच दिवशी ठरवलं.

आई जात्यावर बसली होती. मी म्हटलं, "आये, त्या खोलीला म्या खिडकी पाडतोय."

जातं थांबलं. "काय पाडतुयास?"

"खिडकी."

"कशापायी? चोराला दार लांब पडतंय व्हय?"

"उजेडापायी."

"उजेड अंगणात ढीग पडलाय. जा, बस आन् घे किती घ्यायचा त्यो." तिनं दोन मुठी दाणे जात्यात घातले, पण खुंटा धरला नाही. "बाळंतिणीला वारं बाधतं. पोराला दिष्ट लागती. दाराला घोंगडी हाय तर कोण येतं कोण जातं समजतं. खिडकीतनं काय काय आत यील त्याला कोण राखण बसणार? तू?"

"पडदा लावीन."

पडदा म्हणजे काय हे मी तिला सांगितलं. भाटघरच्या धरणावर मी लग्नाआधी दगड वाहिले होते. तिथं साहेबाच्या बंगल्याच्या खिडकीला पांढरं कापड असायचं. दिवसा ते कंदिलासारखं उजळायचं, पण आतलं माणूस दिसायचं नाही आणि वारंही कापडावरच अडायचं. त्या खिडकीमागं साहेबाचं तान्हं पोर असायचं, त्याचं रडणं आम्हाला ऐकू यायचं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेबाचं पोर बूट घालून जल्मतं. तुजं जल्मणार हाय का?"

मी कोयता घेतला आणि उगवतीकडच्या कुडाला सुपाएवढी खिडकी पाडली. कारवी जुनी होती, पण आतनं नव्यासारखी कडक. कोयत्याला दोनदा धार करावी लागली. कडेनं बांबूच्या कामट्या बसवल्या, माती लिंपली. पहिल्यांदा त्या खोलीत ऊन पडलं तेव्हा समोरच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी दिसली, बोट लावलं तर बोट बुडावं अशी. ती मी खरवडून काढली. आईनं ते बघितलं, पण माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरात बोलणं टाकलेलं माणूस म्हशीशी बोलतं. आई धार काढताना म्हशीला सांगायची, "तुला बी घेऊ गं बये एक खिडकी. तुजा रेडा बी साहेबच निघंल." मी भिंतीपलीकडं असलो की आवाज जरा चढायचा.

आता खिडकी झाली, तर तिला लावायचं काय. आधी घोंगडी लावून बघितली. वारं बंद, उजेडही बंद. मग खिडकी पाडली कशाला? गोणपाट लावलं, तर त्यातनं भुसा गळायचा आणि वारं चाळणीतनं यावं तसं यायचं. बांबूचा तट्ट्या केला. दिसायला झकास, पण वारं सुटलं की शिट्टी वाजायची आणि बाजेवर उन्हाच्या काळ्यापांढऱ्या रेघा पडायच्या. बायको म्हणाली, "ह्यात पोराचं अर्धं तोंड दिसंल, अर्धं झाकंल. पुन्यांदा तेच." माझं जुनं धोतर लावलं तर त्याची भोकं कापडापेक्षा जास्त. शेवटी भोरला जाऊन नवं कापडच आणायचं ठरवलं.

डोंगर उतरून नदी ओलांडून भोरला पोचलो. कापडाच्या दुकानात तीनचार माणसं बसलेली. दुकानदार हसून म्हणाला, "या पाव्हणं, काय दाखवू?"

"कोरा मांजरपाट."

"किती?"

"अडीच हात."

कशाला हवं ते मी सांगितलं नाही. कुडाच्या घरातला माणूस खिडकीला पडदा लावणार म्हटल्यावर दुकानातली माणसं हसली असती, आणि मला हसलेलं खपत नाही. पण दुकानदाराचंच हसणं गेलं. त्यानं मापलं, कात्री शेजारी पडली होती ती उचलली नाही, दोन्ही हातांनी कापड टरकन फाडलं आणि घडी घालून माझ्यापुढं सरकवलं. मी भाव पाडून मागितला, तर पहिल्याच बोलीला कबूल झाला. निघताना "पुन्हा या" म्हणाला नाही. बसलेली माणसंही माझ्याकडं बघेनात. मला वाटलं, शहरातली माणसं, मिजास असायचीच. परतताना मी त्यांना मनातल्या मनात चांगलंच झापलं.

घरी आल्यावर मी घडी आईपुढं टाकली. बोलणं टाकलेलं असलं तरी नवं कापड बघितल्याशिवाय बाईला राहवत नाही. तिनं ते उलगडलं, कडेचे सुटलेले दोरे बोटांत घेतले आणि म्हशीला सोडून माझ्याशी बोलली.

"कापून दिलं का फाडून?"

"फाडून."

"कात्री नव्हती त्येच्याकडं?"

"व्हती की. म्होरंच पडली व्हती."

आई उंबऱ्यावर बसली. "लेकरा, कोरं पांढरं, फाडून दिलेलं, अडीच हात. त्या माणसाला काय वाटलं आसंल, सांग बरं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं कोरा मांजरपाट लागतो तो गेलेल्या माणसाला. त्याला कात्री लावत नाहीत, फाडतात. आणि अडीच हात म्हणजे मोठ्या माणसाचं माप नव्हे. भावाला घासाघीस का केली नाही, पुन्हा या का म्हणाला नाही, सगळं समजलं.

"आन् ह्ये तू त्या पोरीच्या डोळ्याम्होरं टांगणार," आई म्हणाली. "पैलं गेलेलं असताना."

माझा स्वभाव असा की कुणी खड्ड्याकडं बोट दाखवलं तर मी तिथंच पाय रोवतो. मी म्हटलं, "कापड ते कापड. गेलेल्याला भाताचा गोळा ठेवत्यात, म्हणून आपून भात सोडलाय का?"

"हळदीत बुडीव न्हाईतर चुलीत घाल. तिसरी गोष्ट ह्या घरात व्हायची न्हाई."

बायको चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "हळदीत बुडवा, आत्याबाई. रंग कंचा बी असू दे. उजेड आला म्हंजी झालं."

तिनं मध्ये तोंड घातलं म्हणून मी हळदीला कबूल झालो, आईसाठी नाही. पण हळद कुटली ती आईनंच. मोठ्या पातेल्यात हळदीचं पाणी उकळलं, कापड त्यात बुडवून काठीनं फिरवलं आणि कुंपणावर वाळत घातलं. असं पिवळंधमक झालं की वाटेनं जाणारी माणसं विचारायची, घरात लग्न कुणाचं. मग मी ते खिडकीला बांधलं. चार कोपऱ्यांना चार खुंट्या बाहेरच्या अंगाला ठोकल्या आणि सुतळीच्या गाठी बाहेरनंच मारल्या. ही आईची अट होती. आतनं कुणाला सोडता येऊ नये, बाळंतपणात बाईचं चित्त थाऱ्यावर नसतं, असं तिचं म्हणणं. सकाळचं ऊन त्यातनं आत आलं की खोली हळद लागल्या नवरीसारखी दिसायची. बायको बाजेवर बसून हाताकडं बघत राहिली. म्हणाली, "आता सारवलेल्या जमिनीवरची बोटं बी मोजून घ्यावी."

दिव्यावरनं मात्र माझं आणि आईचं भांडण झालं नाही. दोघांनाही घासलेट नको होतं. ते काळं झालेलं फडकं मी विसरलो नव्हतो, आणि आईचं म्हणणं ते तेल जमिनीच्या पोटातलं, त्याच्या वासाला देव थांबत नाही. तेवढ्यात सासऱ्यांनी कापूरहोळच्या बाजारातनं एक काचेचा कंदील घेऊन धाडला, लेकीला उपयोगी पडेल म्हणून. चांगला होता, नाही म्हणत नाही. पण माझ्या घरात माझ्या पोराला उजेड सासऱ्याचा, हे मला रुचेना. कंदील मी गोठ्यात टांगला. आईनं म्हशीला सांगितलं, "बघ, तुजा मान." खोलीत आमची पितळेची जुनी दिवटी ठेवली, खुरासणीच्या तेलाची, एका वातीची. आईनं सांगितलं, दिवा उशाशी नको, पोर डोळे वर चढवून बघत राहतं आणि तिरळं होतं. म्हणून तो पायाच्या अंगाला ठेवला आणि ज्योतीपुढं मी एक खापर उभं केलं, म्हणजे उजेड भिंतीवर पडावा, पोराच्या डोळ्यात नाही. ते खापर नीट बसवायला मी अर्धी दुपार घालवली. आई म्हणाली, "देवळाचा कळस बी इतका वेळ घेत न्हाई." पण आवडलं होतं तिला.

पौषात, थंडी हाडात शिरायच्या दिवसांत, पहाटे बायको बाळंत झाली. गावातली सुईण होती, म्हातारी, केस पांढरेशुभ्र. सगळा गाव तिला मावशी म्हणायचा. अर्धा गाव तिच्या हातानं जगात आलेला, मीही. आई बाहेर येऊन म्हणाली, "पोरगी. रडली झ्याक." आणि पुन्हा आत गेली. मला आत जायला बंदी. पण ह्या वेळी माझ्याकडं खिडकी होती. कुंपण नीट करायच्या निमित्तानं मी तिथं घुटमळायचो. कापडाच्या इकडं मी, तिकडं ती.

"कशी दिसती?" मी विचारायचो.

"थांबा, डोळं उघडू द्या तिला." मग थोड्या वेळानं, "कान तुमचं. नाक तुमचं न्हाई, बरं झालं."

"आन् कपाळ?"

"कपाळ आजून बघतीया," ती म्हणायची.

पाचवी पुजली. आईनं दिव्यात तेल घालत रात्र जागून काढली. ह्या घरात त्या रात्री कुणीही झोपलं नाही, मागचं सगळ्यांना आठवत होतं. सकाळी ऊन वर आलं, आणि मी खिडकीपाशी शेण लावायच्या निमित्तानं उभा होतो तेव्हा आतनं सुईणीचा आवाज आला.

"पिवळी पडलीया."

"मला बी काल तसंच वाटलं," आई म्हणाली. "म्हटलं, डोळ्याचा भास आसंल."

"भास न्हवं. बघ की, हातापायाला बी उतरलीया. कावीळ हाय. पैल्याला बी हेच झालं आसंल, अंधारात कुणाला दिसलं न्हाई. डाग द्याया पायजे, उशीर नगं."

डाग म्हणजे बिब्बा सुईला टोचून निखाऱ्यावर तापवायचा आणि पोराच्या पोटावर टेकवायचा. आमच्याकडं कावीळ अशीच उतरवत. मी सुईणीला नावं ठेवत नाही, तिला जे ठाऊक होतं ते ती जीव लावून करायची. पण माझ्या पाठच्या भावाला असाच डाग दिला होता. तो पिकला, भाऊ तापानं फणफणला आणि गेला. आई ते विसरली नव्हती. तरी शेगडीवर फुंकर घातल्याचा आवाज आला तो आईचाच होता. पोर पिवळं पडत असताना हात बांधून बसणं तिला त्याहून जड होतं.

मी कुडाला हात लावून उभा. काय करावं सुचेना. आत जाता येत नाही, आणि गेलो तरी सांगणार काय? कावीळ मला थोडीच कळत होती.

तेवढ्यात कापडाच्या अगदी जवळनं बायकोचा आवाज आला. "अवं, हायसा का तिथं?"

"हाय."

"ह्ये कापड सोडा."

"येडी झालीस? वारं बघ कसलं हाय. आदीच पोर आजारी."

"माजा हात बी पिवळा दिसतुया," ती म्हणाली. "मावशीचं केस बी पिवळं. आत्याबाईंचं लुगडं हिरवं, त्ये बी कसलं तरीच दिसतंय. समद्यास्नी कावीळ झाली का?"

आतनं सुईण म्हणाली, "बडबडाया लागली गं बाय. वात झाला. धर हिला."

"मला धरू नगा. पोरीला धरा, पर डाग देऊ नगा," बायको म्हणाली आणि पुन्हा माझ्याकडं वळली, "सोडताय न्हवं?"

खरं सांगायचं तर मी लगेच हात घातला नाही. पहिले चार दिवस पोर लालभडक होती, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. लाली उतरली आणि पिवळेपण दिसायला लागलं. हे कापडाचं असेल की पोरीचं? कापडाचं असेल तर माझी खिडकी, माझं कापड, माझा सगळा हट्ट पोरीच्या पोटावर डाग होऊन बसणार होता. आणि पोरीचं असेल तर वरनं थंडीचं वारं आत घालणारा बापही मीच होणार होतो. इतके दिवस आई म्हणायची वारं बाधतं आणि मी हसायचो. त्या वेळी माझ्या तोंडून आईचंच बोलणं निघालं होतं.

"म्या पैलं अंधारात धाडलं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. "हिला डाग द्यायचा तर द्या. पर आदी मला उजेडात बघू द्या."

मी गाठींना हात घातला. दवानं सुतळी फुगून घट्ट झाली होती. तीन गाठी सुटल्या, चौथी सुटेना. ती मी दातानं तोडली. कापड खाली गळून पडलं.

ऊन आत शिरलं. सरळ, पांढरं, पौषातल्या सकाळचं. आणि मी बारा दिवसांच्या आत पुरुषानं बघू नये ते सगळं बघितलं. सुईण गुडघ्यावर बसलेली, हातात सुई, सुईच्या टोकाला बिब्बा धुमसतोय. तिचे केस दुधासारखे पांढरे. आई शेगडीशी वाकलेली, गालाला राख. बाजेवर बायको, तिच्या मांडीवर पोर उघडी. उजेड तोंडावर पडताच पोरीनं डोळे गच्च मिटले, तोंड वाकडं केलं आणि जी किंचाळली ती खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेली असेल.

सुईण पुढं सरकली. तिनं अंगठा पोरीच्या कपाळावर दाबला आणि उचलला. मग छातीवर दाबला, पोटावर दाबला. दरवेळी दाबलेली जागा पिवळी उमटते का ते बघायची. मग तिनं पोरीची पापणी अलगद वर केली.

"हाय जराशी झाक," ती म्हणाली. "डोळ्यात हाय. पर ती समद्याच पोरास्नी येती आन् आपली आपण जाती." तिनं बिब्बा शेगडीतल्या राखेत खुपसून विझवला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. "त्या फडक्यानं म्हातारीचं बी डोळं फसीवलं. न्हेऊन नदीत टाक ते."

मी ते नदीत टाकलं नाही. राखेच्या पाण्यात उकळून उकळून हळद काढली. दुपारी वारं वाढलं की ते लावायचो, आता त्यातनं पिवळेपण आत यायचं नाही, आणि ही तिसरी गोष्ट आईनंही चालवून घेतली. सकाळचं ऊन मात्र रोज उघडंच आत येऊ द्यायचो, आणि दिवस कलला की घोंगडी. वारं काही बाधलं नाही. पुढं आमच्या वाडीत आणखी दोघातिघांनी खिडक्या पाडल्या आणि आपल्याच डोक्यातनं निघाल्या म्हणून सांगत फिरले. फिरू द्या. माझ्या त्या पोरीला आज नातवंडं आहेत आणि तिच्या पोटावर डाग नाही.

पण हे सगळं मागनं. त्या सकाळी मी खिडकीत तसाच उभा होतो. सुईणीचं बोलणं बायकोच्या कानावर गेलं की नाही देव जाणे. तिनं पोरीला दोन्ही हातांवर उन्हात धरलं होतं आणि बघत होती. बाजारातनं आणलेली वस्तू बघतात तसं नाही, बी पेरल्यावर जमिनीकडं बघतात तसंही नाही. मला त्याला शब्द नाही. तिनं बोटानं पोरीच्या भुवईवरनं रेघ ओढली, मग कपाळावरनं, केस उगवतात तिथवर, आणि तिथं बोट थांबलं.

"तुमचंच हाय," ती म्हणाली. वर बघितलं नाही. "त्याचं बी असंच आसंल, न्हवं का?"

मी मान हलवली, पण ती माझ्याकडं बघत नव्हती.

आईनं पदरानं गालाची राख पुसली. ती उठली, खिडकीपाशी आली, आणि आता मला चार शिव्या बसणार म्हणून मी तयारीत राहिलो.

"बघितलंस न्हवं पोरीला?" ती म्हणाली. "आता जरा बाजूला हो. ऊन आडवतुयास."

मी बाजूला झालो.